लाईट मोठ्या तारेत अडत नाही: ‘वीज आपली, उजेड मुंबईचा’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. गावच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि मग नागपुरात शिकणाऱ्या पुतण्यानंही पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला ऐवज थोडक्यात देतो:

“कोळसा आपला, धूर आपला, राख आपली आणि वीज मुंबईची! विदर्भात तयार होणारी सगळी वीज मोठ्या तारांनी पळवतात, म्हणून आपल्या शेतात लाईट नाही. केंद्र वीस किलोमीटरवर, तरी बिलात वहन आकार! ज्याच्यासाठी वीज दूर न्यावी लागते त्यानंच तारेचं भाडं भरावं. बाजारात युनिट दोन रुपयाला मिळते, पण तारा जाम झाल्याचं सांगून व्यापारी भाव चढवतात. ज्याच्या शेतातून टॉवर गेला त्याला त्याच तारेतून लाईट द्या.”

मी भद्रावती तालुक्यात कपाशी आणि हरभरा करतो. आभाळ स्वच्छ असलं की आमच्या धुऱ्यावरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला परका नाही, तो माझाही आहे. पण वीजदराच्या जनसुनावणीला मी नागपूरला दोनदा जाऊन बोललो आहे, आणि तिथं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. शेतकरी उठतो, असाच मेसेज वाचून दाखवतो. समोरचा अधिकारी त्यातली एक चूक शांतपणे दाखवून देतो, आणि त्या चुकीसोबत खरी तक्रारही निकालात निघते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहीत आहे.

“सगळी वीज मुंबईला पळवतात, म्हणून आपल्याला लाईट नाही”

आधी बेरीज करू. चंद्रपूर २,९२० मेगावॉट, कोराडी २,१९०, खापरखेडा १,३४०, पारस ५००, तिरोडा ३,३००, मौदा २,३२०, अमरावतीजवळचं नांदगावपेठ १,३५०. एवढी सातच केंद्रं धरली तरी क्षमता १४ हजार मेगावॉटच्या जवळ जाते. मुंबईची मागणी ऐन मे महिन्यात ४ हजार मेगावॉटच्या थोडी वर जाते, आणि त्यातला काही हिस्सा ट्रॉम्बे आणि डहाणूची केंद्रं भागवतात. म्हणजे मुंबईनं ठरवलं तरी ती विदर्भाची सगळी वीज संपवू शकत नाही. ती पुण्या-नाशिकच्या कारखान्यांना जाते, मराठवाड्यातल्या पंपांना जाते, मौद्याची काही शेजारच्या राज्यांना जाते, आणि आपल्यालाही मिळते.

‘आपली वीज’ आणि ‘त्यांची वीज’ असा भेद तारेत राहतच नाही. गावच्या टाकीत दोन बोअरचं पाणी पडतं तेव्हा आपल्या नळाला कोणत्या बोअरचं पाणी आलं हे कोण सांगणार? वीज कागदावरचा करार पाहून वाहत नाही. केंद्रातून निघाली की ती सगळ्या उपलब्ध वाटांनी विभागून जाते, आणि जिथं अडथळा कमी तिथून जास्त जाते. त्यामुळे जवळच्या भाराला जवळच्याच केंद्राची वीज सर्वात आधी लागते. करारात नाव मुंबईच्या कंपनीचं असलं तरी भद्रावती-वरोऱ्याच्या सबस्टेशनला पोहोचणारी वीज बहुतेक वेळा चंद्रपूरकडूनच आलेली असते.

मग लाईट का नसते? आमच्याच डीपीचं, म्हणजे शिवारातल्या रोहित्राचं (ट्रान्सफॉर्मरचं) सांगतो.

ऑक्टोबर होता. कपाशीला पाणी द्यायचं होतं आणि हरभऱ्यासाठी वाफसा करायचा होता, दोन्ही एकाच आठवड्यात. आमच्या शिवारातली डीपी १०० केव्हीएची (केव्हीए हे ती किती भार पेलते त्याचं माप). पाच एचपीची मोटर पूर्ण दाबावर साधारण साडेसात अँपिअर ओढते, म्हणजे एका मोटरीला साडेपाच केव्हीएच्या आसपास लागतं. त्या हिशेबानं ही डीपी अठरा मोटारी पेलते. तिच्यावर ३१ मोटारी आहेत. मी एकेक मोजल्या आहेत, कोणाची कोणती ते वहीत लिहिलं आहे. रात्रीची पाळी लागली, सगळ्यांनी एकदम मोटारी टाकल्या, आणि अर्ध्या तासात एक फेज गेला.

लाईनमन आला तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. “काहून गेली जी लाईन?” म्हटलं. “डिओ उडाला, भाऊ. लोड सोसत नाही,” एवढंच तो म्हणाला. डिओ म्हणजे डीपीच्या वरच्या बाजूचा फ्यूज. डीपीच्या पेटीत किटकॅट फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे जाड पीळ गुंडाळलेले होते, कारण बरोबर जाडीची फ्यूज तार टाकली की ती तासभरही टिकत नाही. पेटीचा पत्रा हाताला चटका देत होता. खाली तेलाचा ओघळ जमिनीपर्यंत आला होता. शेवटच्या खांबावर माझ्या मीटरनं दोन फेजमध्ये २९० व्होल्ट दाखवले, हवे होते ४१५. मोटर नुसती घूं घूं करत होती, पाणी वर चढत नव्हतं. दाब कमी झाला की मोटर जास्त करंट ओढते, करंट वाढला की तार आणखी तापते, तार तापली की दाब आणखी पडतो. चौथ्या रात्री रोहित्रच जळालं. नवं यायला ११ दिवस लागले. हरभऱ्याची पेरणी लांबली, आणि आमच्यातल्या दोघांच्या मोटारी जळाल्या त्या वेगळ्याच.

आता हे पाहा. त्या रात्री ज्या शेतात आम्ही उभे होतो त्याच शेतावरून ४०० केव्हीची (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाईन जाते. दव पडलं होतं, त्यामुळे टॉवरवरच्या तारांची सरसर खाली ऐकू येत होती. वर वीज भरपूर होती. चंद्रपूरचं केंद्र चालू होतं, मोठी लाईन चालू होती, ३३ केव्हीचं सबस्टेशनही चालू होतं. अंधार होता तो शेवटच्या सातशे मीटरमध्ये.

हा योगायोग नाही, तारेचं गणितच असं आहे. तेवढीच वीज ४०० केव्हीऐवजी ११ केव्हीनं न्यायची तर करंट ३६ पटीनं वाढतो. तारेतली गळती करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे सारख्या तारेत ती १,३०० पटींहून जास्त होते. म्हणूनच लांबचा प्रवास उंच दाबानं करतात. राज्यभराच्या मोठ्या तारांमधली गळती मिळून तीन टक्क्यांच्या आसपास आहे. खरी गळती, खरा कमी दाब, खरा बिघाड असतो तो ११ केव्हीच्या लांबलचक फिडरवर (सबस्टेशनपासून डीपींपर्यंत येणाऱ्या लाईनवर) आणि ओव्हरलोड डीपीवर. चंद्रपूरची वीज मुंबईला नेणं उद्या बंद केलं तरी आमच्या डीपीवर ३१ मोटारीच राहतील.

जास्त क्षमतेचं किंवा दुसरं रोहित्र, फिडर वेगळा करणं, दाब सावरणारे कपॅसिटर बसवणं, जळालेलं रोहित्र ठरलेल्या मुदतीत बदलणं आणि न बदलल्यास वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांप्रमाणे (सेवेच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे) भरपाई: आपल्या मागण्या या आहेत. ‘मुंबईची लाईन तोडा’ म्हटल्यानं यातली एकही पुढं सरकत नाही.

“केंद्र जवळ आहे, तरी वहन आकार का?”

इथं मेसेजनं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे, आणि ही गल्लत शिकलेली माणसंही करतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

बिलावर जो ‘वहन आकार’ छापलेला असतो तो चंद्रपूर ते मुंबईच्या मोठ्या तारांचा नाही. तो वितरण कंपनीच्या स्वतःच्या लहान तारांचा आहे: ३३ केव्हीची लाईन, ११ केव्हीचा फिडर, डीपी, गल्लीतले खांब. २०२४ च्या घरगुती बिलांवर तो युनिटला १ रुपया १७ पैसे होता. तुमच्या घरापासून केंद्र वीस किलोमीटरवर असो की सातशे, ही लहान तार दोघांनाही लागतेच. केंद्रातली वीज हजारो व्होल्टची असते, ती घरात येईपर्यंत तीन-चार वेळा उतरवावी लागते.

मोठ्या तारांचं भाडं, ज्याला पारेषण आकार म्हणतात, ते आपल्या बिलावर वेगळं दिसतच नाही. ते वीज आकार आणि स्थिर आकाराच्या पोटात असतं. ते ठरतं कसं? महाराष्ट्रात राज्यांतर्गत मोठ्या तारा एकच जाळं धरतात, मग मालकी सरकारी कंपनीची असो की खासगी. या सगळ्यांचा आयोगानं मान्य केलेला वर्षाचा खर्च एकत्र करतात आणि तो वितरण कंपन्यांवर त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटतात. वीज किती लांबून आली हे त्यात पाहत नाहीत. पोस्टाच्या तिकिटासारखंच हे: भद्रावतीहून चंद्रपूरला पत्र टाका की मुंबईला, तिकीट तेवढंच.

यात मुंबई फुकटात सुटते का? नाही. मुंबईच्या वितरण कंपन्याही आपल्या कमाल मागणीप्रमाणे याच खर्चाचा वाटा भरतात. ट्रॉम्बेची वीज मुंबईतच वापरली जाते, तरी त्यांच्या वाट्यात तिरोड्याच्या आणि कोराडीच्या लाईनींचा खर्च येतो.

‘दूरच्यानं जास्त भरावं’ ही मागणी मुळात चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणानंच सांगितलं की पारेषण आकार अंतर आणि प्रवाहाची दिशा पाहून ठरायला हवा. त्यावरून केंद्रीय आयोगानं आंतरराज्य तारांसाठी १ जुलै २०११ पासून वेगळी पद्धत आणली. जाळ्याच्या कोणत्या टोकाला तुम्ही वीज घालता आणि कोणत्या टोकाला काढता, त्यावर भाडं. नोव्हेंबर २०२० पासून ती बदलून नवी आली. तिच्यातही खर्चाचा काही भाग सगळ्यांनी सारखा उचलायचा आणि काही प्रत्यक्ष वापरावर, अशी वाटणी आहे. राज्याच्या आतही असं करा, अशी मागणी विदर्भानं अभ्यास करून मांडली तर ती ऐकून घ्यावी लागेल.

पण मांडण्याआधी तिची दुसरी बाजू पाहू या. ‘ज्यानं जेवढी तार वापरली त्यानं तेवढं भरावं’ हे तत्त्व एकदा मान्य केलं की ते मोठ्या तारेवर थांबणार नाही, लहान तारेवरही येईल. आणि लहान तार सर्वात लांब, सर्वात विरळ, सर्वात महाग कुठं आहे? आपल्याकडेच. भामरागड-एटापल्लीच्या पाड्यावर वीज पोहोचवायला जंगलातून जी लाईन ओढली, तिच्यावर किती घरं आहेत? शिवारातल्या एका विहिरीसाठी अर्धा किलोमीटर खांब लागतात. पुण्यातल्या एका इमारतीत एका रोहित्रावर शंभर घरं असतात. प्रत्येकानं आपल्या तारेचा खर्च भरायचा ठरवला तर पुणेकराचा वहन आकार घटेल आणि गडचिरोलीच्या आदिवासीचा कित्येक पटीनं वाढेल. आज तो सारखा आहे, कारण खर्च सगळ्यांत वाटला जातो. मोठ्या तारेसाठी एक तत्त्व आणि लहान तारेसाठी दुसरं असं मागायचं असेल, तर त्याचं कारण द्यावं लागेल. मेसेजनं ते दिलेलं नाही.

धुराचा आणि राखेचा हिशेब मात्र याहून वेगळा आहे, आणि तो खरा आहे. केंद्रं इथं आली कारण कोळसा इथं आहे: वणी, चंद्रपूर, उमरेड. एका युनिटसाठी सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख म्हणून इथंच पडतो. वीज तारेनं जाते, राख जात नाही. गंधकाचा धूर रोखणारी यंत्रं बसवा, असं केंद्र सरकारनं २०१५ च्या डिसेंबरात सांगितलं. मग मुदतीवर मुदत मिळत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना त्यातून सूटच दिली गेली. ही सूट कोणाच्या फुप्फुसावर दिली हे विचारायलाच हवं. पण ते पर्यावरणाच्या नियमात आणि वीज केंद्राच्या उत्पादन खर्चात विचारायचं आहे. पारेषणाच्या भाड्यात ते शोधलं तर तिथं त्याचं उत्तर कधीच सापडणार नाही.

“बाजारात दोन रुपयाला वीज, तारा जाम झाल्याचं नाटक”

देशात वीज एक्स्चेंज २००८ पासून सुरू आहे. उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. हिवाळ्यातल्या दुपारी राजस्थान-गुजरातची सौर वीज भरपूर असते तेव्हा भाव दोन रुपयांवर आणि खालीही येतो, हे खरं आहे. त्याच दिवशी सूर्य बुडाल्यावर तो दहा रुपयांना जाऊन भिडू शकतो. दहा ही आज ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे. मेसेजनं दुपारचा भाव सांगितला आणि संध्याकाळचा गाळला.

दुपारची ती दोन रुपयांची वीजही गुजरातच्या सौर केंद्राच्या दारात दोन रुपयांची असते, आमच्या मोटरीवर नाही. वर आंतरराज्य तारांचं भाडं, राज्याच्या तारांचं भाडं, लहान तारांचं भाडं आणि वाटेतली गळती. शिवाय क्रॉस सबसिडी अधिभार, कारण उद्योग जास्त दर भरतो त्यातून शेतीचा दर खाली राहतो. उद्योग वितरण कंपनी सोडून बाहेरून वीज घेऊ लागला तर ते पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उरतो. आणि मुळात बाहेरून वीज घ्यायला साधारण १ मेगावॉटचा भार लागतो. हरित विजेसाठी २०२२ मध्ये ती अट १०० किलोवॉटवर आणली. पाच एचपीचा पंप पावणेचार किलोवॉटचा. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या योजनेत राज्य सरकार आज बिलच माफ करतं, ते पैसे राज्याच्या तिजोरीतून जातात. तेव्हा ‘आम्हाला बाजार खुला करा’ ही आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याची नव्हे, मोठ्या गिरणीची मागणी आहे.

आता ‘जाम’बद्दल. ही गोष्ट आमच्या तालुक्यात बसून सर्वात चांगली समजते, कारण देशातला एक मोठा जाम वर्षानुवर्षं इथूनच जात होता.

दक्षिणेची ग्रिड (मोठ्या तारांचं जोडलेलं जाळं) आणि बाकी देशाची ग्रिड आधी एका लयीत चालत नव्हत्या. त्यांना जोडायला भद्रावतीला १ हजार मेगावॉटचं एचव्हीडीसी केंद्र उभं राहिलं, १९९७-९८ मध्ये. इकडची वीज आधी डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) करायची, मग पलीकडच्या लयीत परत एसी (घरात येते तशी, दिशा बदलत वाहणारी) करायची आणि तेलंगणातल्या रामगुंडमकडे सोडायची. पुढं तालचेर-कोलारसारखे आणखी दुवे आले, पण दक्षिणेची गरज त्याहून मोठी होती. २०१२ च्या सुमारास तामिळनाडूत दिवसाकाठी बारा-चौदा तास लाईट नसायची. इकडं स्वस्त वीज विकायला तयार असलेली केंद्रं होती, तिकडं चढा भाव द्यायला तयार असलेले घेणारे होते, आणि मध्ये तार भरलेली. एक्स्चेंजवर दक्षिणेचा भाव इकडच्यापेक्षा कितीतरी वर असायचा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दोन्ही ग्रिड एका लयीत आल्या. पुढं वर्धा-निजामाबादसारख्या लाईनी जोडल्या गेल्या, तशी ही भावातली दरी भरत गेली. नाटक असतं तर तार टाकून दरी भरली नसती.

भाव फुटतो कसा, ते साध्या आकड्यांत सांगतो. समजा इकडं केंद्र ३ रुपयाला वीज देतं, आणि तिकडं १५० मेगावॉट हवे आहेत. तार फक्त १०० नेऊ शकते. उरलेले ५० तिकडच्याच ८ रुपयांच्या केंद्रातून घ्यावे लागतात. मग इकडचा भाव ३ ठरतो आणि तिकडचा ८. तारेवरून गेलेल्या शंभरांवर प्रत्येकी ५ रुपयांचा फरक उरतो. हा फरक व्यापाऱ्याच्या खिशात जातो असं मेसेज म्हणतो. आपल्या देशात एक्स्चेंजवरच्या या फरकाचे पैसे वीज प्रणाली विकास निधीत जमा होतात, आणि तो निधी ग्रिड मजबूत करण्याच्या कामांसाठी आहे. या निधीतून विदर्भाला किती मिळालं, असा प्रश्न जरूर विचारा. पण दलालानं खाल्ले असं म्हणू नका.

तारेची मर्यादाही कोणी टेबलावर बसून मनानं ठरवत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात ४६ अंशाला तार तापते, लांबते, खाली झुकते, आणि जमिनीपासूनचं अंतर कमी होतं. त्याशिवाय एक नियम असतो: एखादी लाईन अचानक पडली तर तिचा भार उरलेल्यांनी पेलला पाहिजे, म्हणून प्रत्येक तारेत जागा राखून ठेवायची. ही जागा राखली नाही तर काय होतं ते देशानं ३० आणि ३१ जुलै २०१२ ला पाहिलं. बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाईन जास्त भारानं सुटली, मग एकामागून एक लाईनी सुटत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी साठेक कोटी लोक राहतात एवढ्या भागात अंधार झाला.

आणि मोठी तार जाम झाल्याचा फटका महाराष्ट्रात सर्वात जास्त कोणाला बसतो? मुंबईलाच. शहरात शिरणाऱ्या लाईनी मोजक्या, त्यामुळे बाहेर स्वस्त वीज असली तरी आतली महाग केंद्रं चालवावी लागायची. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघे भागातल्या लाईनी सुटल्या आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या सकाळी आमच्या गावात लाईट होती.

एक गोष्ट मात्र मेसेज लिहिणाऱ्यानं नीट पकडली असती तर त्याचा मुद्दा वजनदार झाला असता. आपल्या एक्स्चेंजवर देशाचे तेरा विभाग पाडले आहेत आणि अख्खा महाराष्ट्र, गुजरातसह, एकाच विभागात येतो. म्हणजे राज्याच्या आत तार भरली तरी भद्रावती आणि वांद्रे इथला भाव एकच. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पीजेएम बाजारात १९९८ पासून जागोजागचा भाव वेगळा निघतो. स्वीडननं नोव्हेंबर २०११ मध्ये देशाचे चार विभाग केले. उत्तरेत धरणं आहेत, वीज भरपूर आहे, तिथला भाव दक्षिणेतल्या शहरांपेक्षा कमी राहू लागला. ‘जिथं वीज तयार होते तिथं ती स्वस्त’ हे स्वप्न नाही, असे बाजार आहेत. विदर्भाचा वेगळा विभाग करा, अशी मागणी उद्योग इकडं यावेत म्हणून करता येईल, आणि मला ती आवडेलही. फक्त लक्षात ठेवायचं की तो घाऊक भाव असतो. आपली वितरण कंपनी सगळ्या राज्याची खरेदी एकत्र करून एकच दर लावते, तेव्हा ती पद्धत तशीच राहिली तर घाऊक भावातली स्वस्ताई आपल्या मीटरपर्यंत पोहोचायची नाही.

दुपारच्या स्वस्त विजेचा शेतकऱ्याला खरा उपयोग वेगळाच आहे. सौर पॅनल गावच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनजवळ बसवले आणि वीज थेट ११ केव्हीच्या फिडरवर सोडली, तर मोठी तार लागतच नाही, तिचं भाडं नाही, तिचा जाम नाही. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना हेच करते. शेजारच्या गावचा फिडर असा सौर झाला, तेव्हापासून तिथल्या बाया रात्री दांडावर बॅटरी धरून उभ्या राहत नाहीत, पाणी दिवसा चालतं. जवळची वीज म्हणायचं तर ही जवळची.

“टॉवर शेतात आहे, त्याच तारेतून लाईट द्या”

हे होऊ शकत नाही, आणि कारण साधं आहे. ४०० केव्हीची तार फोडायची तर तिथं सबस्टेशन लागतं, मोठमोठी रोहित्रं लागतात, एकरांनी जमीन लागते; मग ती वीज २२०, १३२, ३३ अशी उतरत आपल्यापर्यंत येते. चंद्रपूर-पडघे लाईनचं तर आणखी वेगळं आहे. ती १९९९ पासून चालू आहे, लांबी ७५२ किलोमीटर. तिच्या टॉवरखाली उभं राहून पाहा: नेहमीच्या तीन फेजऐवजी दोनच बाजूंना तारांच्या जुड्या दिसतील. ती डीसी आहे. मध्ये कुठंही डीपी लावून तिच्यातून घरची वीज काढता येत नाही, दोन्ही टोकांना कन्व्हर्टरच लागतात.

पण टॉवरखालच्या जमिनीच्या मोबदल्याचा हक्क मात्र पक्का आहे, आणि तो मागायला आपण फार कमी पडतो. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत असं होतं. जून २०२४ च्या सूचनांत पायाखालच्या जमिनीसाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के आलं. आमच्या शिवारात काहींनी पिकाची नुकसानभरपाई घेतली आणि तोच मोबदला समजून कागदावर सही केली. पिकाची भरपाई वेगळी आणि जमिनीचा मोबदला वेगळा. नवी लाईन येणार असेल तर टॉवर उभा राहण्याआधी तलाठ्याकडून चार दिशांसह पायाच्या जागेचा पंचनामा करून घ्या, जमिनीची किंमत कोणत्या दरानं धरली ते लेखी मागा, आणि ज्या राज्य निर्णयानुसार पैसे देत आहेत त्याची प्रत घ्या.

पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे. त्या ३१ मोटारींची यादी, डीपीवरच्या केव्हीएच्या पाटीचा फोटो, रोहित्र जळाल्याची आणि बदलल्याची तारीख, आणि शेवटच्या खांबावर आठवडाभर रोज रात्री नऊला घेतलेला व्होल्टेजचा आकडा एवढं माझ्याकडे तयार आहे. तुमच्या गावच्या डीपीचं असं टिपण कोणी करून देणार असेल तर मी ते माझ्या निवेदनाला जोडून नेईन.